दुर्बिणीवरचे दोन आकडे

गेल्या मे महिन्यात एक माजी विद्यार्थी घरी आला. हुबळीला नोकरीस असतो, सुटीच्या दिवशी दांडेलीकडे पक्षी पाहायला जातो. चहापाणी झाले आणि त्याने पिशवीतून एक खोके काढून माझ्यापुढे ठेवले. "सर, वीस पॉवरची घेतली. दुकानदार आठची दाखवत होता. मी म्हटलं, पैसे मोजायचेच तर मोठी का घेऊ नये?" मी ती दुर्बीण डोळ्यांना लावली. अंगणातल्या नारळावरचा कावळा एवढा मोठा दिसला की त्याचे डोके तेवढे दिसले, आणि तेही जागेवर ठरेना. हलत होते ते अर्थातच माझे हात.

त्याला मी त्या दिवशी फार काही बोललो नाही. घेतलेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत, असे आमच्या घरचे वळण. पण तो गेल्यावर कपाट उघडले आणि आतल्या दोन जुन्या दुर्बिणी काढून टेबलावर ठेवल्या. एक आमच्या थोरल्या काकांची आणि दुसरीही त्यांचीच. या दोहोंमध्ये आमच्या घराण्याचे एक जुने दुखणे आहे. ते पुढे सांगेनच. पण त्याआधी 'मोठी का घेऊ नये?' हा जो प्रश्न त्या मुलाने विचारला, तो शिकाऱ्यांनी आणि कारागिरांनी चारशे वर्षे विचारलेला आहे आणि त्याचे उत्तर शोधताना पुष्कळ चुका केलेल्या आहेत. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने त्या चुकांचीच हकीकत मला अधिक मोलाची वाटते.

आधी शब्दाविषयी दोन ओळी. 'दुर्बीण' हा शब्द फार्सी. 'दूर' म्हणजे लांब, 'बीन' म्हणजे पाहणारा. आमच्या शेजारच्या शाळेतले कन्नड शिक्षकही 'दुर्बीनु' म्हणतात. पाठ्यपुस्तकात गेलो की आम्ही दोघेही 'दूरदर्शक' म्हणू लागतो. म्हणजे बाजारातला शब्दही एक आणि पुस्तकातला शब्दही एक. भांडायला जागा नाही!

हे यंत्र प्रथम कोणी बनवले हा वाद जुना आहे. पण कागदोपत्री पहिली नोंद हॉलंडमधल्या मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरहे या चष्मेवाल्याची सापडते. १६०८ च्या ऑक्टोबरात त्याने हेग येथील सरकारकडे आपल्या नळीच्या हक्कासाठी अर्ज केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला सांगितले, एका डोळ्याने पाहणे त्रासाचे होते, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करून दे. त्याने त्याच वर्षाअखेर तसे करून दिले, नऊशे गिल्डर घेतले. हक्क मात्र त्याला मिळाला नाही, कारण तोवर ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याचे उघड झाले होते. म्हणजे दोन डोळ्यांची दुर्बीण ही एका डोळ्याच्या दुर्बिणीपेक्षा जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी धाकटी! पण पाळण्यात दिसलेले पाय घरभर चालायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

लिपरहेची नळी वस्तू साधारण तिप्पट मोठी दाखवी. पुढच्याच वर्षी, १६०९ च्या ऑगस्टमध्ये, गॅलिलिओने व्हेनिसच्या सरदारांना मनोऱ्यावर नेऊन आठ-नऊ पटींची दुर्बीण दाखवली, आणि थोड्याच दिवसांत तो वीस पटींवर गेला. वीस हा आकडा ऐकून आमच्या माजी विद्यार्थ्याला आनंद होईल. पण गॅलिलिओच्या त्या दुर्बिणीतून एका वेळी चंद्राचा सुमारे अर्धाच भाग दिसत असे, हेही त्याने ऐकावे. पुढचे भिंग बहिर्गोल आणि डोळ्याकडचे अंतर्गोल, ही त्याची रचना. तिच्यात चित्र सुलटे दिसते, नळी आखूड राहते. पण पॉवर वाढवली की दिसणारा भाग झपाट्याने आक्रसतो. आकाशात गुरू कुठे आहे ते ठाऊक असते, तो पळून जात नाही. झाडीतले सांबर कुठे आहे तेच तर शोधायचे असते! म्हणून या रचनेच्या जोड-दुर्बिणी पुढे नाट्यगृहांत आणि घोड्यांच्या शर्यतींत रमल्या. व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडर यांनी १८२३ पासून त्या विकायला आणल्या. एकोणिसाव्या शतकातले लष्करी अधिकारी आणि शिकारी गळ्यात जी दुर्बीण अडकवून हिंडत, ती बहुधा याच जातीची, तीन ते पाच पटींची असे.

केप्लरने १६११ मध्ये दुसरी वाट दाखवून ठेवली होती. दोन्ही भिंगे बहिर्गोल घ्यावीत. दिसणारा भाग रुंद होतो, पॉवरही वाढवता येते. अडचण एकच, चित्र उलटे दिसते. ज्योतिष्याला त्याचे काही वाटत नाही. शिकाऱ्याला उलटे हरीण चालत नाही. ते सुलटे करायला मध्ये आणखी भिंगे घालावी लागत आणि नळी हातभर लांब होई.

ही हातभर लांब नळी आपलीशी केली ती स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या लोकांनी. तिथला शिकारीचा प्रकार आपल्याकडच्या हाक्याहून अगदी वेगळा. उघडे माळ, हेदर नावाचे गुडघाभर खुरट झुडूप, आणि दोन-दोन मैलांवर चरणारी तांबडी हरणे. विल्यम स्क्रोपचे या शिकारीवरचे पुस्तक १८३८ सालचे. तिथला वाटाड्या-शिकारी पितळेची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची, कातडे चढवलेली एका डोळ्याची दुर्बीण बाळगी. पॉवर वीसच्या आसपास. ती तो उभा राहून कधीच पाहत नसे. डोंगरउतारावर उताणा पडायचा, गुडघे वर घ्यायचे, काठीचा किंवा मांडीचा आधार द्यायचा, आणि मग पाऊण-पाऊण तास समोरचा डोंगर इंचाइंचाने वाचून काढायचा. शिंगांना किती फाटे आहेत, नर म्हातारा आहे की वाढीचा, हे इथूनच ठरे. आणि बंदूक कोणावर चालवायची हे ठरल्यावरच पुढचे सरपटणे सुरू होई.

या लोकांचे कौशल्य पुढे लढाईतही उपयोगी आले. बोअर युद्धात १९०० साली लॉर्ड लोव्हॅट यांनी अशा हरणांच्या शिकाऱ्यांची आणि त्यांच्या मदतनिसांची 'लोव्हॅट स्काउट्स' ही पलटण उभारली. पहिल्या महायुद्धात हेस्केथ-प्रिचर्ड हा मूळचा शिकारी आणि प्रवासी. त्याने ब्रिटिश नेमबाजांची शाळा काढली आणि तिथे बंदुकीइतकेच महत्त्व त्या लांब नळीला दिले. त्याच युद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, लॉर्ड रॉबर्ट्स यांनी शिकारीच्या आणि शर्यतीच्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या, असे जनतेला आवाहन केले होते. हे रॉबर्ट्स पूर्वी हिंदुस्थानचे सरसेनापती होते. अमेरिकेने युद्धात उतरल्यावर तेच केले. आरमारासाठी लोकांनी दिलेल्या दुर्बिणींबद्दल एकेक डॉलर देण्यात आला, आणि ते काम ज्यांच्या खात्यात होते ते उपमंत्री म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट. एवढी ओढ लागण्याचे कारण उघड होते. उत्तम दुर्बिणी बनत होत्या जर्मनीत, आणि युद्ध जर्मनीशीच होते.

जर्मनीत त्या का बनत होत्या, ही या सगळ्या हकीकतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. इग्नात्सियो पोर्रो हा इटलीतला तोफखान्याचा अधिकारी आणि मोजणीतज्ज्ञ. भिंगांऐवजी काचेचे दोन लोलक मध्ये बसवून त्याने चित्र सुलटे करून दाखवले आणि १८५४ मध्ये त्याची नोंद केली. लोलकात प्रकाश मागेपुढे वळतो, म्हणून हातभर नळी वीतभर झाली. युक्ती बिनतोड होती, पण काच तशी नव्हती. लोलकातून प्रकाशाला जाड काचेतून जावे लागते आणि त्या काळच्या काचेत रेघा, बुडबुडे, रंगाची झाक असे. पोर्रो १८७५ मध्ये वारला तेव्हा त्याची युक्ती जवळजवळ अडगळीत पडली होती.

येना गावात एर्न्स्ट आबे हे भौतिकीचे प्राध्यापक कार्ल झाइस यांच्या कारखान्यात काम करीत होते. सूत गिरणीतल्या मजुराचा हा मुलगा. लोलकांची कल्पना त्यांना स्वतंत्रपणे सुचली आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांनी नमुनाही मांडला. पण काच तीच! मग १८८४ मध्ये ओटो शॉट यांच्याबरोबर येनालाच काचेचा कारखाना निघाला, आणि हवी तशी स्वच्छ काच हाती आल्यावर १८९४ साली लोलकांची जोड-दुर्बीण बाजारात आली. हक्काची नोंद करायला गेले तर पोर्रो चाळीस वर्षे पुढे! तेव्हा आबेंनी पुढची दोन भिंगे डोळ्यांपेक्षा अधिक अंतरावर ठेवली, त्यामुळे खोली जास्त जाणवते, आणि त्या मुद्द्यावर हक्क मिळवला. आजही जुन्या घडणीच्या दुर्बिणीला ते दोन खांदे बाहेर काढलेले दिसतात, ते यामुळे.

आता आकड्यांकडे येतो. झाइसच्या त्या पहिल्या तीन दुर्बिणी ४×११, ६×१५ आणि ८×२० अशा होत्या. पहिला आकडा पॉवर, म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात सगळे पहिल्या आकड्याकडे पाहतात. शिकाऱ्याने दुसऱ्याला पहिल्याने भागावे. वीसला आठने भागले की अडीच. दुर्बीण हातभर लांब धरून तिच्या मागच्या भिंगाकडे पाहिले तर काळ्यात एक पांढरी टिकली दिसते. त्या टिकलीचा व्यास अडीच मिलिमीटर. दुर्बिणीतला सगळा प्रकाश एवढ्या टिकलीतून डोळ्यात शिरतो. भर दुपारी आपली बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरपर्यंत मिटलेली असते, म्हणून त्या दुर्बिणी दिवसा उत्तम चालत. पण दिवे लागणीच्या वेळी तरुण माणसाची बाहुली सातपर्यंत उघडते. सात मिलिमीटरच्या दारातून अडीच मिलिमीटरचा कवडसा येणार असेल, तर उरलेले दार उघडून उपयोग काय?

आणि सावज बाहेर पडते ते नेमके दिवे लागणीलाच. म्हणून पहिल्या पंचवीस वर्षांतला दुर्बिणीचा इतिहास हा पॉवर वाढवण्याचा नाही, दुसरा आकडा वाढवण्याचा आहे. पॉवर सहा-सात-आठवर ठरली ती ठरलीच. भिंगे मात्र वाढत गेली. १९१० च्या सुमारास ७×५० आली. भागून पाहा, सातला किंचित वर. आरमारांनी ती उचलली आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन, ब्रिटिश, अमेरिकी या तिन्ही आरमारांत रात्रीच्या पहाऱ्याला तीच होती. हलत्या डेकवर सातच्या वर पॉवर धरता येत नाही, हेही त्यामागे होतेच. १९२० मध्ये झाइसची ८×३० आली. सुमारे हजार मीटरवरचा दीडशे मीटर रुंदीचा पट्टा तिच्यात एकदम दिसे. रानातून पायी हिंडणाऱ्याला तीच सोयीची.

जर्मन शिकाऱ्यांनी आणखी एक आकडा रूढ केला, ८×५६. तिकडे बहुतेक खुरांच्या जनावरांची रात्री शिकार करायला कायद्याने बंदी आहे, रानडुकराला मात्र ती लागू नाही. शेताच्या कडेला शिडीच्या उंच मचाणावर चांदण्यात बसून डुकराची वाट पाहायची, म्हणून ही सात मिलिमीटरच्या टिकलीची अवजड दुर्बीण. गळ्यात घालून चार कोस चालायला ती नव्हेच. म्हणजे एकाच देशातला एकच शिकारी पायी जाताना ८×३० नेतो आणि मचाणावर ८×५६. पॉवर दोन्हीची एकच, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे काय होते? वाघाच्या हाक्यात किंवा गाऱ्यावरच्या मचाणात वाघ वीस-पंचवीस पावलांवर येतो. तिथे दुर्बिणीपेक्षा कान महत्त्वाचे. हिमालयात लडाख-बाल्टिस्तानकडे रजेवर जाणारे गोरे अधिकारी रानबोकड आणि रानमेंढ्यांसाठी मोठ्या नळ्या नेत. तो मुलूख स्कॉटलंडसारखा, उघडा. आमच्या सह्याद्रीच्या कडेला, खानापूर तालुक्यात काय किंवा कोल्हापूर दरबारच्या दाजीपूरच्या रानात काय, पंचवीस यार्डांपलीकडे झाडी आणि त्यापुढे धुके. इथे मोठ्या पॉवरचे काम कोणते? पण मोठ्या वस्तूचा मोह रान पाहून येत नाही.

थोरले काका शिकारी होते. सरकारी परवान्याची बंदूक होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर बेळगावच्या कँपात लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी एक ६×३० घेतली. माझ्या टेबलावरची धाकटी दुर्बीण ती हीच. पितळेवर काळा रंग, अंगावर सरकारी मालाची बाणाची खूण, एका डोळ्यात अंतर मोजायच्या बारीक रेघा, आणि दोन्ही डोळे वेगवेगळे जुळवून घ्यायचे. भागाकार पाच. पंधरा वर्षे त्यांनी तिच्यावर काढली. १९६० मध्ये, गोव्यात पोर्तुगीज असताना, पणजीहून आलेल्या एकाने त्यांना एक जपानी दुर्बीण दाखवली, १६×५०. त्या काळी गोव्याकडून आलेली वस्तू म्हणजे काय अप्रूप असे ते सीमेवरच्या वाचकांना सांगायला नको. काकांनी ती घेतली आणि जुनी माझ्या वडिलांना देऊन टाकली.

१९६४ सालच्या भातकापणीच्या दिवसांत, डुकरे राखायला ते एका शेताच्या बांधावर बसले होते. सूर्य मावळून अर्धा तास झाला असेल. रानाच्या कडेला काळे काहीतरी खाली वाकून हलताना दिसले. काकांनी नवी दुर्बीण लावली. मोठे दिसले, काळे दिसले, हलले. त्यांनी बार टाकला.

ते डुक्कर नव्हते. वाट चुकलेले वासरू शोधत आलेला गवळीवाड्यावरचा एक धनगर होता, डोक्यावरून काळे घोंगडे घेतलेला. छर्रे मांडीत आणि गुडघ्यात गेले. माणूस वाचला, पाय गेला. काकांनी त्याला त्याच रात्री गाडीत घालून बेळगावला नेले. पंचांपुढे जे ठरायचे ते ठरले. त्या दिवसानंतर काकांनी बंदूक हातात धरली नाही, आणि ते होते तोवर दर दिवाळीला त्या घरी एक पोते तांदूळ गेले.

मी हे सारे फार उशिरा ऐकले. लहानपणी मला एवढेच ठाऊक होते की दिवाळीत एक लंगडणारे धनगरमामा येतात, ओसरीवर बसतात, आणि काका स्वतः आतून फराळाचे ताट घेऊन येतात, दुसऱ्या कोणाला आणू देत नाहीत. दोघे फारसे बोलत नसत. मी एकदा वडिलांना विचारले, "अण्णा, मामांचा पाय कशानं गेला?" अण्णा म्हणाले, "मोठ्या दुर्बिणीनं." मला वाटले ते थट्टा करतात.

मी एम. ए. झालो, शिक्षक झालो, भौतिकीच्या शिक्षकांशी मैत्री झाली, तेव्हा ते उत्तर नीट कळले. सोळा पॉवरच्या त्या दुर्बिणीत भागाकार तीनला थोडा वर. जुन्या ६×३० मध्ये पाच. क्षेत्रफळाने पाहिले तर जुन्या दुर्बिणीतले चित्र सुमारे अडीच पट उजळ. त्यात सोळा पट मोठे चित्र म्हणजे हाताचा कंपही सोळा पट. तीन गोष्टी एकदम घडल्या असणार: चित्र अंधारले, थरथरले आणि सभोवतालचा भाग नाहीसा झाला. सहाच्या दुर्बिणीत काकांना कदाचित माणसाच्या मागे उभे झुडूप, पायवाट, हातातली काठी दिसली असती. सोळाच्या दुर्बिणीत फक्त एक काळे लोळके. अपुऱ्या उजेडात डोळ्याच्या ज्या पेशी रंग आणि बारकावे टिपतात त्या काम सोडून देतात. उरतात त्या फक्त काळे-करडे आणि हालचाल सांगणाऱ्या. घोंगडे आणि डुक्कर यांत फरक करण्याचे काम मग डोळा करीत नाही, मन करते. आणि मनाला त्या संध्याकाळी डुक्करच हवे होते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. जर्मन कारखान्यांच्या पत्रकांत संधिप्रकाशाचा म्हणून एक आकडा देतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. तो जेवढा मोठा, तेवढे अंधुक उजेडात बारकावे अधिक. ७×५० चा येतो १८.७. ८×५६ चा २१.२. आणि काकांच्या १६×५० चा? २८.३! म्हणजे सूत्राप्रमाणे काकांची दुर्बीण या सर्वांत सरस. सूत्र अगदीच खोटे नाही. दुर्बीण तिकाटण्यावर पक्की बसवली आणि उजेड थोडाफार शिल्लक असला, तर पॉवरचा फायदा बारकावे दिसण्यात होतो खरा; स्कॉटलंडचा शिकारी उताणा पडून तेच करतो. पण त्याच सूत्राने २०×२० अशी एखादी दुर्बीण कल्पिली तर तिचा आकडा २० येतो, आरमाराच्या ७×५० पेक्षा वरचा; आणि तिची टिकली एक मिलिमीटरची! ती संध्याकाळी डोळ्याला लावणे आणि न लावणे सारखेच. सूत्र हाताचा कंप मोजत नाही, काचेचा दर्जा मोजत नाही, आणि पाहणाऱ्याचे वयही विचारत नाही. गणिताच्या पेपरात मुले सूत्र बरोबर लिहून उत्तर चुकवतात, त्याची मला आठवण होते.

वयाचा मुद्दा मला आता जवळचा झाला आहे. तरुणपणी सात मिलिमीटर उघडणारी बाहुली पन्नाशीत सरासरी पाचच्या आसपासच उघडते, माणसागणिक कमीजास्त. माझ्यासारख्याने ७×५० घेतली तर सात मिलिमीटरच्या टिकलीतला बाहेरचा प्रकाश बुबुळावर सांडून जातो. सात गुणिले पाच म्हणजे पस्तीस, तेव्हा मी ७×३५ घेतली काय आणि ७×५० घेतली काय, उजेड सारखाच. वजन मात्र मानेला अधिक. काकांचे वय त्या संध्याकाळी पंचेचाळीसच्या पुढे होते.

काचेच्या दर्जाविषयीही सांगितले पाहिजे, कारण जुन्या दुर्बिणी आणि नव्या यांची तुलना त्याशिवाय होत नाही. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून शेकडा चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. अशी दहा पृष्ठे असलेल्या दुर्बिणीत निम्म्याहून थोडाच अधिक प्रकाश पलीकडे पोचे. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अत्यंत पातळ लेप देऊन हे परतणे रोखण्याची रीत काढली. ती आधी लष्करी गुपित राहिली, युद्धानंतर सर्वत्र झाली. भिंगावर जांभळट-निळसर झाक दिसते, ती या लेपाची. दुसरी सुधारणा सरळ नळीच्या दुर्बिणींची. छपराच्या आकाराचे लोलक वापरून हेन्सोल्ट यांनी १९०५ मध्ये खांदे नसलेली दुर्बीण आणली होती, पण तिचे चित्र जरा मऊ दिसे. त्यावरचा खास लेप १९८८ मध्ये झाइसने आणला आणि ती उणीव गेली. चष्मेवाल्यांसाठी डोळ्यापासून थोडे लांब ठेवूनही पूर्ण चित्र दाखवणाऱ्या दुर्बिणी झाल्या, ही माझ्यासारख्यांची सोय. एवढे सगळे होऊनही शिकाऱ्याचा पहिला आकडा कुठे राहिला? दाट रानात सात-आठ, उघड्या डोंगरावर दहा. त्यापुढे आधाराशिवाय नाही. काच बदलली, माणसाचा हात तोच राहिला.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्न आता उरलेला नाही. वाघाच्या शिकारीला १९७० मध्ये बंदी झाली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या उरल्यासुरल्या वाटाही जवळजवळ बंद झाल्या. दाजीपूरचे दरबारी शिकारीचे रान १९५८ मध्येच गव्यांचे अभयारण्य झाले होते. दांडेली १९५६ मध्ये, आणि आमच्या खानापूरजवळचे भीमगड २०११ मध्ये. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. तिच्या आरंभीच्या सभासदांत बंदूकवाले पुष्कळ होते. डॉ. सालिम अली यांचाही पक्ष्यांशी पहिला परिचय छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे झाला. बंदूक गेली आणि दुर्बीण तेवढी राहिली. पण जनावर पाहण्याच्या वेळा त्याच, पहाट आणि संध्याकाळ. म्हणून शिकाऱ्यांनी रडतखडत ठरवलेले आकडे पक्षी पाहणाऱ्यांना जसेच्या तसे उपयोगी पडतात.

त्या माजी विद्यार्थ्याला मी नंतर पत्र लिहिले. फोन करता आला असता, पण आकडे कागदावर बरे. आठ बाय बत्तीस किंवा आठ बाय बेचाळीस, दोहोंपैकी हातात धरून पाहून घे. दुकानात दुपारी नव्हे, संध्याकाळी जा. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचून बघ, आणि पाटीखालच्या सावलीत काय ठेवले आहे तेही दिसते का ते बघ. आणलेली वीसची परत घेत नसतील तर टाकू नकोस, तिकाटणे घे.

काका १९९० साली गेले. धनगरमामा त्यांच्या आधी दोन वर्षे. शेवटच्या दिवाळीला मामांचा मुलगा आला होता, त्याचेही ताट काकांनीच आणले. ६×३० मध्ये खानापूरच्या पावसाळ्यांनी लोलकांवर बुरशी धरली होती, ती मी साफ करून घेतली. आता एका बाजूला जरा धूसर दिसते, पण चालते. १६×५० काकांनी त्या रात्रीनंतर पेटीतून काढली नाही. ती मी शाळेत नेतो. हिवाळ्यात गुरू वर आला की गच्चीच्या कठड्यावर तांदळाचे अर्धे भरलेले पोते ठेवतो, त्यात खळगा करून दुर्बीण बसवतो, आणि मुले रांगेने येऊन डोळा लावतात. पोत्यावर बसली की ती अजिबात हलत नाही. चार चंद्र दिसतात, कधी तीन. मागच्या जानेवारीत आठवीतली एक मुलगी बराच वेळ उठेना. मागची पोरे ओरडू लागली तेव्हा म्हणाली, "सर, थांबा ना, एक अजून त्याच्या मागे आहे वाटतं."